ग्राफिक्सच्या नादाला लावणाऱ्या सरांना, जाहीर थँक्यू

सर,

असलं जाहीर कौतुक तुम्हाला अजिबात आवडणार नाही हे माहितीये, तरी लिहितोय, कारण समोर बोलायला गेलो की तुम्ही विषय बदलता आणि चहा मागवता.

कॉलेजात कॉम्प्युटर ग्राफिक्स म्हणजे टर्बो सी (सी भाषेचं जुनं सॉफ्टवेअर) उघडायचं, ग्राफिक्स सुरू करणाऱ्या इनिटग्राफ फंक्शनला बीजीआय या ड्रायव्हरच्या फोल्डरचा पाथ द्यायचा आणि 640 बाय 480 च्या काळ्या स्क्रीनवर ब्रेसनहॅमची रेष (तिरक्या रेषेसाठी कुठले पिक्सेल रंगवायचे ते ठरवायची पद्धत) काढायची. ओरलला डीडीए (रेष काढायची दुसरी, अपूर्णांकांची पद्धत) आणि ब्रेसनहॅममधला फरक सांगता आला की विषय सुटला. ती पद्धत ब्रेसनहॅमने 1962 साली आयबीएममधे प्लॉटरच्या (कागदावर चित्र काढणाऱ्या यंत्राच्या) पेनासाठी शोधली होती, नुसत्या पूर्णांकांच्या बेरजा-वजाबाक्यांवर चालावी म्हणून, हे पुढे नोकरीत तुमच्याकडून कळलं तेव्हा वाटलं, अरे म्हणजे ही कुणाची तरी खरी अडचण होती तर!

पुण्यात तुमच्या कॅड व्ह्यूअरच्या (यंत्रांची थ्रीडी मॉडेल्स दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) टीममधे आलो तेव्हा सगळे मित्र वेबमधे जात होते आणि मला वेड्यात काढत होते. तुम्ही म्हणालात, ओपनजीएल ही तयार ग्राफिक्स लायब्ररी ठेव बाजूला, आधी लायब्ररीशिवाय एक त्रिकोण रंगवून दाखव. मग संध्याकाळी घरी बसून सी प्लस प्लसमधे रास्टरायझर (त्रिकोणाचे पिक्सेल करणारा कोड), बॅरिसेंट्रिक कोऑर्डिनेट्स (पिक्सेल त्रिकोणात नेमका कुठे ते सांगणारे आकडे), झेड बफर (कुठला पिक्सेल पुढे, कुठला मागे याची नोंद), आणि शेवटी यूटा विद्यापीठाची, ग्राफिक्सवाले चाचणीसाठी काढतात ती प्रसिद्ध किटली, मार्टिन न्यूएलची, 1975 ची. आई म्हणाली, एवढं शिकून किटली काढतोस होय रे!

पण खरं सांगायचंय ते लुकलुकणाऱ्या बगबद्दल. मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं मॉडेल) झूम आउट केली की जवळजवळ चिकटलेले दोन पृष्ठभाग लुकलुकायचे, बग माझ्याही आधीपासून ट्रॅकरमधे पडून होता, ज्याने त्याने पॉलिगॉन ऑफसेटची (एक पृष्ठभाग खोलीत किंचित सरकवायची) ठिगळं लावलेली. तुम्ही कोड उघडलाच नाही, कागद घेतला आणि एक भागिले झेडचा (झेड म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं अंतर) आलेख काढला. निअर प्लेन (कॅमेऱ्याला जिथून पुढचं दिसतं ती हद्द) 1 सेंटिमीटरवर ठेवलं की 24 बिट डेप्थ बफरमधल्या, म्हणजे त्याच झेड बफरमधल्या, जवळपास निम्म्या किमती 1 ते 2 सेंटिमीटरच्या पट्ट्यातच संपतात, तिथे मॉडेलचा एक नटसुद्धा नसतो, आणि उरलेल्या निम्म्यात अख्खं मशीन कोंबायचं. मग लुकलुकणार नाही तर काय! निअर प्लेन दर फ्रेमला बाउंडिंग बॉक्सवरून (मॉडेल मावेल अशा खोक्यावरून) काढायला लागलो आणि बहुतेक त्रास गेला. पुढे फ्लोट डेप्थ आणि रिव्हर्स झेड (खोली फ्लोट आकड्यांत ठेवायची आणि जवळ-लांब उलटं मोजायचं) केलं तेव्हा ती जुनी ठिगळं डिलीट करताना जे काय बरं वाटलंय ना सर, ते इन्क्रीमेंटला पण वाटलं नव्हतं (इन्क्रीमेंट तशी बेताचीच होती म्हणा).

शेडरमधे (ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या कोडमधे) सहसा साधं प्रिंटएफ करून किमती छापता येत नाहीत म्हणून नॉर्मल्सच (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे त्या दिशाच) रंग म्हणून स्क्रीनवर ओतायचे, ही तुमची युक्ती तर मी रोज वापरतो. एखादा भाग उलटा असला की रंगावरूनच कळतं.

आणि एक राहिलंच. मी दुसरीकडे जायचं म्हणालो तेव्हा तुम्ही थांब म्हणाला नाहीत, उलट स्वतःच मॉक इंटरव्ह्यू घेतलात, क्वाटर्नियनवर (थ्रीडीत फिरवण्याचं चार आकड्यांचं गणित) माझा घाम काढलात आणि त्यातलाच एक प्रश्न तिकडे आला. आपल्याच टीमचा माणूस जातोय हे माहीत असून असं कोण करतं हो?

तर मनापासून थँक्यू. पुण्यात आलो की येतोच, व्हल्कन या नव्या ग्राफिक्स लायब्ररीतल्या बॅरिअर्सवरून (आधीचं काम संपेपर्यंत पुढचं थांबवायच्या सूचना) आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि यावेळी माझं बरोबर आहे.