सूत्र तेच, रंग वेगळा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत टीव्हीच्या ओएलईडी पडद्यांवर (म्हणजे ‘ऑरगॅनिक’, कार्बनी पदार्थ वीज मिळताच उजळतात अशा पडद्यांवर) आलेला लेख वाचला. विषय चांगला निवडला आहे. परंतु पदार्थाचा रंग आणि त्याची वीजवाहकता त्यात कोणती मूलद्रव्ये किती आहेत यावर ठरते, असे जे त्यात म्हटले आहे, ते धातूंच्या क्षारांपुरते बऱ्याच अंशी चालून गेले, तरी ज्या कार्बनी पदार्थांविषयी तो लेख होता त्यांच्या बाबतीत अपुरे आहे. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असताना हाच समज मी उत्तरपत्रिकांत इतकी वर्षे तपासला, की तो छापील मजकुरात दिसल्यावर गप्प बसवले नाही.

थंडीच्या दिवसांत मंडईत हलव्याची लाल गाजरे आणि बारमाही मिळणारी केशरी गाजरे शेजारी शेजारी मांडलेली असतात. लाल गाजरात लायकोपीन भरपूर असते. टोमॅटो आणि कलिंगड यांचा लाल रंगही त्याचाच. केशरी गाजराचा रंग मुख्यतः बीटा-कॅरोटीनचा. या दोन्ही रेणूंत ४० कार्बन आणि ५६ हायड्रोजन आहेत, तिसरे मूलद्रव्य नाही, आणि एकाआड एक येणाऱ्या दुहेरी बंधांची सलग रांगही दोहोंत अकरा बंधांचीच आहे. फरक आहे तो ठेवणीत. लायकोपीनमध्ये हे अकराही बंध उघड्या साखळीत, जवळजवळ एकाच प्रतलात असल्यामुळे इलेक्ट्रॉनांना या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळे अंगण मिळते. बीटा-कॅरोटीनमध्ये मात्र पहिला आणि शेवटचा बंध टोकांच्या षट्कोनी कड्यांत अडकलेला असतो; त्या कड्यांवरचे मिथाइल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचे फुगीर पुंजके) साखळीवरच्या हायड्रोजनांना खेटतात, जागा पुरत नाही, आणि कडे अंग चोरून साखळीच्या प्रतलाबाहेर तिरपे वळते. तेवढ्या वळणाने अंगण आखडते. अंगण आखडले की इलेक्ट्रॉनाला वरच्या पातळीवर न्यायला अधिक ऊर्जा लागते, म्हणजेच अधिक आखूड तरंगलांबीचा प्रकाश शोषला जातो. हेक्झेन या द्रावकात विरघळवलेल्या लायकोपीनच्या शोषणाचे शेवटचे शिखर सुमारे ५०० नॅनोमीटरवर येते, बीटा-कॅरोटीनचे ४८० च्या आतच राहते. लायकोपीन निळ्याबरोबर हिरव्यातलाही वाटा गिळते, म्हणून ते लाल दिसते.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन्ही गाजरे वेगवेगळी किसून, फोडणीच्या दोन कढल्यांत चमचा-चमचा तेलावर मंद आचेवर परतली की दहा मिनिटांत एका कढलीच्या कडेला पिवळसर केशरी तेल सुटते आणि दुसरीत तांबूस. (घरी हा प्रयोग केल्यावर परतलेल्या किसाची कोशिंबीर करावी लागते, एवढाच त्याचा खर्च.) याहून नेटका दाखला काही केशरी टोमॅटोंचा आहे. या वाणांत लायकोपीनच तयार होते, पण साखळी सरळ करणारे एन्झाइम निकामी असल्याने चार दुहेरी बंध वाकडेच राहतात, आणि फळ लाल होण्याऐवजी केशरी होते. तेथे कड्यांचाही प्रश्न नाही. रेणू तोच, फक्त वाकलेला.

विजेचेही तसेच आहे. हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेली पॉलिअ‍ॅसिटिलिनची (एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या लांबच लांब कार्बन-साखळ्यांच्या प्लास्टिकची) फिल्म कमी तापमानाला केली तर तांब्याच्या रंगाची होई आणि चढत्या तापमानाला केली तर चांदीसारखी चमके. पहिलीत बंधांची मांडणी ‘सिस’ (दुहेरी बंधापाशी साखळीची दोन्ही टोके एकाच बाजूला), दुसरीत ‘ट्रान्स’ (विरुद्ध बाजूंना). चंदेरी फिल्म तांबूस फिल्मपेक्षा हजारो पटींनी अधिक वीज वाहून नेते. याच पदार्थावरच्या कामासाठी २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर यांना मिळाले.

यावरून सपाट रेणू चांगला आणि वळलेला वाईट, असे मात्र कोणी समजू नये. लेखाचा विषय असलेल्या पडद्यांतच उलट उदाहरण आहे. ओएलईडीत विजेने उत्तेजित झालेल्या दर चार अवस्थांपैकी साधारण एकच सिंगलेट असते (जोडीतल्या दोन इलेक्ट्रॉनांची फिरकी परस्परविरुद्ध), बाकीच्या तीन ट्रिपलेट (फिरकी एकाच दिशेची). साध्या कार्बनी रेणूत प्रकाश सिंगलेटमधूनच मिळतो आणि ट्रिपलेटची ऊर्जा उष्णतेत वाया जाते. म्हणून इरिडियमसारखा महाग धातू रेणूत घालावा लागतो. जपानमधील क्युशू विद्यापीठातील चिहाया आदाची यांच्या गटाने २०१२ मध्ये धातूशिवायचा मार्ग दाखवला. त्यांच्या रेणूत मधल्या बेंझिन कड्याभोवती कार्बाझोल या जोडकड्यांच्या रेणूचे चार गट इतके दाटीने बसवले आहेत, की सपाट राहायला जागाच नसल्याने ते वळतात. त्यामुळे इलेक्ट्रॉन जिथून निघतो आणि जिथे जातो त्या दोन जागा एकमेकींपासून बऱ्याच सुट्या होतात, सिंगलेट आणि ट्रिपलेट यांमधील ऊर्जेचे अंतर अगदी थोडे उरते, आणि खोलीच्या तापमानाची ऊब ट्रिपलेटला पुन्हा सिंगलेटवर चढवायला पुरते. गाजराचा रंग फिका करणारे वळण इथे मुद्दाम घडवलेले आहे.

(टीव्हीच्या दुकानात मला ‘ऑरगॅनिक’ पडदा डोळ्यांना अपाय करत नाही, असे सांगण्यात आले. सेंद्रिय शेती आणि सेंद्रिय रसायनशास्त्र यांना आपण एकच शब्द दिला, त्याचे हे फळ असावे.)

अशा लेखात एका भारतीय कामाचा उल्लेख राहून जाऊ नये, असे वाटते. द्रवस्फटिक (द्रवासारखा वाहणारा, तरी रेणूंची शिस्त राखणारा, एलसीडी पडद्यांतला पदार्थ) होण्यासाठी रेणू काडीसारखा लांबट हवा, ही समजूत १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी मोडून काढली. बेंझिनच्या कड्याला सहा शेपट्या लावलेले त्यांचे चकतीसारखे रेणू टोपलीतल्या भाकऱ्यांच्या चवडीप्रमाणे एकावर एक रचले जातात. ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. पुढे याच जातीच्या मोठ्या चकत्यांमध्ये विद्युतभार चवडीच्या दिशेने सहज सरकतो, आडवा मात्र शेपट्यांमुळे अडतो, असे दिसून आले. एलसीडी पडद्याकडे बाजूने पाहिल्यावर चित्र बिघडू नये म्हणून लावलेल्या पातळ थरांतही अशा चकत्या वापरल्या गेल्या.

एक विनंती. लेखासोबतच्या चौकटीत रेणूची आकृती होती, ती वरून पाहिल्यासारखी, कागदावर सपाट. तशा आकृतीत वळलेले कडे आणि न वळलेले कडे सारखेच दिसते. पुढील लेखात तिच्या शेजारी त्याच रेणूची बाजूने पाहिलेली एक लहानशी रेखाकृतीही छापावी.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सातारा