साहेब, कमानी नंतर लावा, आधी व्हरांडा द्या

मा. मंत्रीमहोदय,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र राज्य

साहेब, स.न.वि.वि.

राजधानीत, मुंबईत, सध्या सरकारी बांधकामांचा मोठा हंगाम आलाय. वांद्रे पूर्वेला हायकोर्टाचं नवीन संकुल होणार आहे, मंत्रालयाच्या पुनर्विकासाचं बरीच वर्षं चाललंय, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तुमच्या खात्याच्या प्रशासकीय इमारती उभ्या राहतायतच. एकदा बांधलेली सरकारी इमारत आपल्या नातवंडांनाही वापरावी लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा ही विनंती.

हल्ली नवीन सरकारी इमारतीचं चित्र पेपरात येतं तेव्हा बऱ्याचदा आतून काचेचा नाहीतर पॅनलचा डबा असतो आणि ऐतिहासिक दिसावं म्हणून पुढच्या बाजूला किल्ल्याचे बुरूज, देवळाचं शिखर किंवा चार टोकदार कमानी लावलेल्या असतात, त्याही साच्यात ओतून बोल्टने अडकवलेल्या. इतिहासाचा अभिमान मलाही आहे हो. पण फोर्टातल्या, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या, ज्या जुन्या इमारतींमुळे आपल्याला असं काहीतरी करावंसं वाटतं त्या अशा पद्धतीने झालेल्याच नाहीत, आणि तेच मला तुम्हाला सांगायचंय.

तुम्ही एकदा ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहून पूर्वेकडे बघा. दक्षिणेकडून सुरुवात केली तर जुनं सचिवालय, मग विद्यापीठाचं पदवीदान सभागृह, लायब्ररी आणि राजाबाई टॉवर, मग हायकोर्ट, आणि त्याच रांगेत तुमच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची इमारत. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने किल्ल्याचा तट पाडायला लावला, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता म्हणून शहरात पैसा होता, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही रांग उभी राहिली. शैली सगळी बाहेरून आणलेली. सचिवालय आणि तुमची इमारत हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सने व्हेनिसच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या, पद्धतीने केली, हायकोर्ट फुलरने केलं ते १८७८ ला पूर्ण झालं, विद्यापीठाचे आराखडे तर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून पाठवले, तो कधी इथे आलासुद्धा नाही.

तरीही या इमारती परक्या वाटत नाहीत. त्याचं कारण मला तरी असं दिसतं की बांधणाऱ्यांनी नक्षीच्या आधी ऊन आणि पाऊस बघितला. त्या वेळी बॅकबेचं, म्हणजे पश्चिमेकडच्या समुद्राचं, पाणी पार जवळ होतं, समोर आज दिसते ती वस्ती नव्हतीच, भरावच घातला नव्हता. पश्चिमेकडून समुद्राचा वारा आणि दुपारचं कडक ऊन दोन्ही येणार, म्हणून त्या बाजूला मजल्यामजल्यावर खोल व्हरांडे दिले. वारा आत येतो, ऊन बाहेर थांबतं, जून ते सप्टेंबर पावसाची झड भिंतीपर्यंत पोचत नाही, आणि कोर्टात तारखेला आलेल्या माणसाला उभं राहायला जागा मिळते. गॉथिक कमानी त्या व्हरांड्यांना आधार द्यायला आल्यात, म्हणजे त्या कमानी काढल्या तर व्हरांडा खाली येईल, आणि साच्यातली कमान काढली तर इमारतीला काही म्हणजे काही होत नाही. हा फरक तुमच्या प्रत्येक इंजिनिअरला कळतो साहेब, पण टेंडर काढताना कोणी विचारत नाही.

दगडाचंही तसंच. मालाड-कुर्ल्याचा पिवळसर दगड, इथलाच काळा-निळा बेसॉल्ट, आणि बारीक कोरीव कामाला पोरबंदरचा मऊ दगड. कारागीर इथलेच. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्याच इंजिनिअरने घडवले. व्हीटी स्टेशन, आताचं सीएसएमटी, स्टीव्हन्सच्या नावावर आहे आणि ते योग्यच आहे, पण त्याच्या हाताखाली सीताराम खंडेराव होते, आणि दगडातली पानंफुलं, मोर, माकडं यांच्यात जे.जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. हायकोर्टाच्या खांबावर तर एका डोळ्याला पट्टी बांधलेलं तराजूवालं माकड कोरलंय. न्यायदेवतेच्या घरात असं काही कोरायची मोकळीक त्या पाथरवटाला कोणीतरी दिली असणार ना? तशी मोकळीक आज एखाद्या सरकारी कामावर देता येईल का, याचा खरंच विचार करा.

पुढची पिढी तर अजून पुढे गेली. नुसतं युरोपचं आणून चालणार नाही हे लक्षात आल्यावर जॉन बेगने जीपीओ, म्हणजे मुख्य पोस्ट ऑफिस, करताना विजापूरच्या गोलघुमटाकडे बघितलं, ती इमारत १९१३ ला तयार झाली. जॉर्ज विटेटने म्युझियम, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, केलं, त्यालाही विजापूर-गोवळकोंड्याचा घुमट आणि आत नाशिकच्या एका जुन्या वाड्यातलं लाकडी कोरीव काम. गेटवे ऑफ इंडियाला त्यानेच सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या कमानींचा आधार घेतला, १९२४ ला काम पुरं झालं. यालाही राजकारण होतं, राज्यकर्त्यांना आपण इथलेच वाटावं अशी इच्छा होती, ते मी नाकारत नाही. पण काम म्हणून बघा, जीपीओच्या घुमटाखाली केवढा मोठा हॉल आहे आणि तिथे तिकीट घ्यायला, पार्सल टाकायला आलेली शेकडो माणसं एकाच वेळी मावतात. विजापूरच्या आदिलशाहीचं बांधकामाचं ज्ञान पोस्टाच्या गर्दीसाठी वापरलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. नुसत्या शोभेचा घुमट वर ठेवून खाली सात फुटांचा फॉल्स सिलिंगवाला पॅसेज काढला असता तर आज कोणी त्या इमारतीचं नावही घेतलं नसतं.

मग बॅकबेवर भराव पडला आणि ओव्हलच्या पश्चिमेला आर्ट डेको आलं, सिमेंट काँक्रीटचं, गोलाई असलेल्या बाल्कन्या आणि खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे. त्या बहुतेक खाजगी इमारती, त्यामुळे जास्त बोलत नाही, पण छज्जा सुटला नाही एवढं नक्की बघा. २०१८ ला युनेस्कोने या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, गॉथिक आणि आर्ट डेको एकत्र. मध्ये साठ-सत्तर वर्षांचं अंतर, दिसायला एकमेकांशी काही संबंध नाही, तरी शेजारी शोभतात कारण दोघांनी मुंबईचं हवामान मान्य केलंय.

आता माझ्या मागण्या. तुमच्या अधिकारात आहेत म्हणून तुम्हालाच लिहितोय.

नवीन इमारतीच्या टेंडरमध्ये "पारंपरिक शैलीचे दर्शनी भाग" वगैरे अट घालण्यापेक्षा असं लिहा की पश्चिम आणि दक्षिण बाजूला सावली पाहिजे, लोकांसाठी बसायला रुंद व्हरांडा पाहिजे, लाइट गेली तरी कामकाजाच्या खोल्यांत हवा खेळली पाहिजे. ही अट पाळून आर्किटेक्टने कमान केली काय आणि सरळ खांब केले काय, माझी काही हरकत नाही. पूर्ण काचेची भिंत मात्र नको, आपल्या उन्हात ती काच तापते आणि मग सगळं बिल एसीवर जातं, ते बिल आमच्या करातून.

मोठ्या इमारतींसाठी खुली स्पर्धा घ्या. म्युझियमसाठी १९०९ ला स्पर्धाच झाली होती आणि विटेट तिथूनच निवडला गेला. आलेले आराखडे लोकांना बघायला ठेवा, जे.जे.च्या जुन्या आवारात ठेवा, तिथले विद्यार्थीही येतील. नवीन कामांवर शिल्पकार आणि पाथरवट यांच्यासाठी बजेटमध्ये वेगळी रक्कम धरा, आणि ती रक्कम कामाच्या शेवटी कापू नका.

जुन्या इमारतींचं तर तातडीने बघावं लागेल. कित्येक सरकारी जुन्या इमारतींत व्हरांडे अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद केलेत, आत फायलींची कपाटं, बाहेर कोरीव कामावर एसीची खोकी लटकतायत आणि त्यांचं पाणी दगडावर ठिबकतंय. दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलंय. चुन्याचा सांधा श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं आणि मग आतले क्षार दगडाचा पापुद्रा काढतात, पोरबंदर दगडाचा तर आधी निघतो. दुरुस्तीचा रेट सगळीकडे सारखा लावला की कंत्राटदार सिमेंटच वापरणार, त्याला दोष देऊन उपयोग नाही, म्हणून जुन्या दगडी इमारतींसाठी चुन्याच्या कामाचा वेगळा दर आणि वेगळी कंत्राटदार यादी करा.

आणि सुरुवात तुमच्या खात्याच्याच इमारतीपासून करा साहेब. विल्किन्सची ती इमारत ओव्हलजवळ आहे, फाइल तुमच्याच टेबलावर येणार, परवानगीला वारसा समिती सोडून फार कुठे जावं लागणार नाही. तिथे कुठे व्हरांडे बंद केले असतील तर ते आधी मोकळे करा आणि त्या कामाचे दर, फोटो, खर्च सगळं वेबसाइटवर टाका, म्हणजे इतर खात्यांना तेच एस्टिमेट वापरता येईल.

आपला,
मुंबईचा एक रहिवासी