सोमवारी पहाटेच्या रिकाम्या गाड्या

संपादक साहेब, नमस्कार.

सोमवारी पहाटे साडेपाचला साताऱ्यात वाढे फाट्यावर जरा उभं राहून बघा, पुण्याकडं जाणाऱ्या गाडीमागून गाडी आणि बहुतेकांत एकटा ड्रायव्हर, मागची सीट रिकामी, आणि तिथंच बाजूला माणसं बॅगा घेऊन एसटीला हात करत असतात.

आम्ही चौघं गेलं वर्षभर एकाच गाडीतून जातो. सातारा-पुणे साधारण 110 किलोमीटर, एका बाजूला सहा-सात लिटर पेट्रोल लागतं, वर आनेवाडी आणि खेड शिवापूरचा टोल. सगळं चौघांत वाटून घेतो, हिशोब ग्रुपवर. आमच्यातल्या एक ताई मांडीवर डबा घेऊन बसतात आणि खंबाटकी उतरली की सगळ्यांना गरम थालीपीठ. पहिल्या दिवशी मात्र त्यांनी गाडीच्या नंबरचा फोटो काढून घरी पाठवला होता, आणि ते बरोबरच केलं, अनोळखी गाडीत बसताना प्रत्येकानं करावं.

एक सांगतो, पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून भाडं घेऊन माणसं नेणं मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणं परमिटशिवाय चालत नाही, म्हणून फक्त खर्च वाटा, वर कमाई नको, नाहीतर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले पण हात वर करतात.

प्रशासनानं फाट्याजवळ दुचाकी लावायला जागा आणि दोन दिवे द्यावेत. अंधारात गाडीची वाट बघत उभं राहायचं म्हणजे बायकांना फार अवघड जातं हो.

आपला एक वाचक, सातारा