पिठाच्या गिरणीला उंचीही लागते!

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात तालुक्यातल्या नव्या ‘अत्याधुनिक पिठाच्या गिरणी’च्या उद्घाटनाचा फोटो आला आहे. मान्यवर फीत कापताहेत, बाकीचे कॅमेऱ्याकडे बघताहेत. मी मात्र त्यांच्या डोक्यामागचा, माल खाली घसरवणारा पत्र्याचा नळ बघत बसलो. शेवटी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक काढून फोटोवर ठेवला. उतार जेमतेम ३५ अंश. फोटो तिरका घेतला असेल तर चूकभूल द्यावी घ्यावी. पण तो नळ पिठाचा असेल (आणि जागेवरून तरी पिठाचाच वाटतो), तर तो तुंबणार. गहू ४५ अंशांवर मुकाट्याने घसरतो. पिठाला ६० तरी लागतात, आणि पावसाळी हवेत तेही कमी पडतात.

मी ३१ वर्षं रोलर फ्लोअर मिलमध्ये (दगडाऐवजी लोखंडी रुळांवर गहू दळणाऱ्या मोठ्या गिरणीत) काढली, शेवटची बारा हेड मिलर म्हणून. मध्यंतरी म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत) मिलिंगचा अभ्यासक्रमही करून आलो. दळणाचं शिक्षण देणारी स्वतंत्र शाळाच तिथे आहे, हे आपल्याकडे गिरणी टाकणाऱ्या फारच थोड्यांना माहीत असतं. हे मोठेपणासाठी सांगत नाही. घरातच ठेच लागली म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझ्या भाच्याने चार वर्षांपूर्वी चक्की आट्याचा प्लांट टाकला, ताशी एक टनाचा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून. तीत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान होतं. योजनेबद्दल माझी काही तक्रार नाही. “मामा, मशिनरी उतरलीय, बघायला या,” असा फोन आला तेव्हा शेड उभी राहिली होती, जमिनीचं काँक्रीट वाळलं होतं आणि कर्जाचा पहिला हप्ता सुरू व्हायला दोन महिने उरले होते. म्हणजे मला विचारायची वेळ कधीच टळून गेली होती.

शेड ६० बाय ४० फूट, उंची १६ फूट. मी विचारलं, गहू वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचं डोकं कुठे जाणार? तर म्हणाला, ते फिटर बघेल. फिटरने बघितलं. वर जागा नव्हती म्हणून त्याने खाली सहा फुटांचा खड्डा मारला आणि एलिव्हेटरचा बूट, म्हणजे तळाचा भाग, त्यात बसवला. आमची निफाडकडची काळी माती. पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्याला पाझर फुटला, बुटात सांडलेल्या गव्हाला मोड आले आणि आंबूस वास थेट पिठात. नळांना उतार मिळालाच नाही. चाळणीखालच्या नळापाशी एक पोऱ्या लाकडी हातोडी घेऊन दिवसभर ठोकत बसायचा. कोणत्याही गिरणीत गेलो की मी आधी नळांवरचे पोचे बघतो. आखणी करणाऱ्याने किती डोकं लावलं ते तिथे उमटलेलं असतं. भाच्याच्या नळावर वीतभर जागेत मी ४३ पोचे मोजले.

मोठ्या रोलर मिलची इमारत पाच-सहा मजली असते ती काही शोभेसाठी नव्हे. माल एकदा हवेच्या जोरावर वर चढवायचा आणि पुढची कामं त्याच्याच वजनावर करून घ्यायची, ही त्यातली मेख. सगळ्यात वर माल हवेतून वेगळा काढणारे सायक्लोन आणि फिल्टर, त्याखाली वेताच्या काठ्यांवर टांगलेले आणि गरगर फिरणारे प्लॅनशिफ्टर, म्हणजे चाळण्या (नव्या मिलमध्ये वेताऐवजी फायबरच्या काठ्या असतात), त्याखाली रवा निवडणारे प्युरिफायर, मग नुसत्या नळांचा एक आख्खा मजला, आणि त्याखाली रोलर. नळांना आख्खा मजला दिलेला पाहून नव्या माणसाला जागा वाया गेल्यासारखी वाटते. मलाही वाटली होती. छोट्या चक्की प्लांटला सहा मजले कोण देणार? पण शेडचा निदान एक कोपरा तीस-पस्तीस फूट उंच काढता येतो. शेड बांधतानाच काढला तर त्याला फार पैसे लागत नाहीत. नंतर काढायचा म्हटलं तर छप्परच उतरवावं लागतं.

आता पाण्याविषयी, कारण कोटेशनमध्ये याची ओळच नसते. मार्चमधल्या उन्हात काढलेला आपला गहू खडखडीत असतो, ओलावा नऊ-दहा टक्के. रोलरवर घ्यायचा तर तो १६ च्या आसपास आणावा लागतो, म्हणजे कोंडा चिवट होतो आणि आतला गाभा मऊ पडतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात उस्तादांनी मला विचारलं होतं, “हजार किलो गहू, ओलावा दहा. सोळा करायचाय. पाणी किती?” मी तोऱ्यात म्हणालो, साठ लिटर. ते हसले. गव्हातला ९०० किलो कोरडा माल तेवढाच राहतो, आणि तो एकूण वजनाच्या ८४ टक्के व्हायला हवा. म्हणजे वजन १,०७१ किलो, पाणी ७१ लिटर. ओतलेलं पाणीही वजनात मोजायचं असतं, हे मी विसरलो होतो. चक्कीच्या आट्याला इतकं पाणी लागत नाही, पण हिशेब हाच.

पाणी मारलं की काम संपलं असंही नाही. ते दाण्यात मुरायला कडक गव्हाला १८ ते २४ तास लागतात. ताशी पाच टनांच्या मिलला २४ तासांचा गहू मुरत ठेवायचा तर १२० टनांची जागा हवी, साधारण १६० घनमीटर. आणि एका बिनमध्ये (गहू साठवायच्या कोठीत) भागत नाही. एक भरत असतो, एक मुरत असतो, एक रिकामा होत असतो. शिवाय बिनचा तळ सपाट आणि तोंड मधोमध एकच असेल, तर मधला गहू आधी निघून येतो आणि कडेचा पडून राहतो. परवा भरलेला आतच, काल भरलेला चक्कीत! पीठ कधी ओलसर, कधी भगभगीत येतं आणि मालक मशीनवाल्याला शिव्या घालतो. बिचाऱ्या मशीनचा त्यात काही दोष नसतो. भाच्याकडे तर मुरवायला बिनच नव्हता. शेडच्या फरशीवर गहू पसरून झारीने पाणी मारायचे, वर ताडपत्री.

मग मी तो प्रकल्प अहवाल मागवून वाचला. कोणा सल्लागाराने लिहिलेला, चाळीस पानी, स्पायरल बायंडिंग, मुखपृष्ठावर गव्हाच्या सोनेरी ओंब्या. आत निफाडच्या गिरणीच्या ‘किनारपट्टीच्या दमट हवामानाचा’ उल्लेख. उत्पन्नाच्या कोष्टकात संपूर्ण गव्हाचा आटा ९७ टक्के, आणि त्याच्याच खालच्या ओळीत कोंड्याची विक्री २२ टक्के! शंभर किलो गव्हातून ११९ किलो माल. २२ टक्के कोंडा मैद्याच्या मिलमध्ये निघतो, आट्यात तो खायलाच जातो. दोन वेगवेगळ्या अहवालांची पानं एकत्र शिवली होती आणि बँकेत ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोन्ही चक्क्या वर्षाचे ३०० दिवस चालू धरलेल्या. दगडाला टाकी लावायची (छिन्नीने पुन्हा खरबरीत करायचा) तर चक्की उघडावी लागते, हे गावातल्या कुठल्याही गिरणीवाल्याने सांगितलं असतं. दोन चक्क्या घ्याव्यात आणि हिशेब दीडचा करावा.

पीठ कोण खाणार, याचं तर त्या अहवालात अवाक्षर नाही. आमच्याकडे अजूनही उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरणारी घरं आहेत. लोकवन की शरबती यावर बायका दुकानात तासभर घालवतात आणि दर आठवड्याला डबा गिरणीत पाठवतात. घरघंट्याही आल्या. या गिऱ्हाइकाला पाकिटातला आटा विकायचा, की नाशिकच्या खानावळींना ५० किलोची पोती द्यायची, की बेकऱ्यांच्या मागे जायचं? पावाला ताकदीचा, ताणला जाणारा गव्हाचा चीक लागतो, बिस्किटाला उलट मऊ गहू, आणि चपातीला चक्कीचंच पीठ बरं, कारण दगडाखाली स्टार्च फुटतो, पीठ पाणी जास्त धरतं आणि पोळी मऊ राहते. हे ठरलं की गहू ठरतो, गव्हावरून मुरवण्याचे तास, तासांवरून बिन, बिनवरून उंची. मशीन त्यानंतर. आपल्याकडे उलटं चालतं: आधी मशीनचं कोटेशन, कारण कर्जाच्या अर्जाला तेच जोडायचं असतं.

पिठाच्या धुळीबद्दल लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही. अमेरिकेत मिनिआपोलिसला २ मे १८७८ रोजी वॉशबर्न ए मिल पिठाच्या धुळीच्या स्फोटाने उडाली, १८ माणसं गेली. एवढी जुनी गोष्ट कशाला, असं भाचा म्हणाला. मी त्याच्याच शेडचा हिशेब मांडला. हवेत दर घनमीटरला साधारण ५०-६० ग्रॅम पीठ तरंगत असेल तर एक ठिणगी पुरते. त्याची शेड सुमारे १,०८७ घनमीटर. म्हणजे ५० किलोच्या पोत्याहून थोडं जास्त पीठ. तेवढं तर त्याच्या तुळयांवर आणि मोटारींच्या खोबणींत साचलेलं होतं. त्याच साचलेल्या पिठात तांबडे भुंगेरेही पोसले जातात, ते वेगळंच. धूळ ओढणारा पंखा होता, पण त्याचं तोंड खिडकीबाहेर काढलेलं, आणि बाहेर शेजाऱ्याची द्राक्षबाग. ऐन काढणीत घडांवर पांढरी झाक! त्या भांडणात मला मध्यस्थी करावी लागली. कापडी पिशव्यांतून धूळ गाळणारा बॅग फिल्टर नंतर बसवला.

माझी मागणी लहान आहे. पीठगिरणीच्या कर्जाचा किंवा अनुदानाचा अर्ज मंजूर करताना कोटेशनबरोबर दोन कागद मागावेत. एकावर गव्हाच्या ढिगापासून पोत्याच्या शिलाईपर्यंत माल कुठून कुठे जातो त्याची आकृती, प्रत्येक टप्प्यावर ताशी किती किलो ते लिहून. दुसऱ्यावर इमारतीचा उभा छेद, प्रत्येक नळाचा कोन दाखवून. आणि त्यांवर अशा एखाद्या मिलरची सही, ज्याला त्या विक्रीत दमडीचं कमिशन नाही. निवृत्त मिलर जिल्ह्यात आम्ही काही जण आहोत, रिकामेच बसलो आहोत.

भाच्याने गेल्या वर्षी छप्पर उचलून एक कोपरा ३२ फुटांचा केला आणि खड्डा बुजवला. खर्च झाला तेवढ्यात सुरुवातीलाच एक बिन आला असता. फोटोतल्या गिरणीच्या मालकांना मी ओळखत नाही, म्हणून आपल्यामार्फतच निरोप देतो: जूनच्या आत तो नळ बदलून घ्या. दोन दिवसांचं काम आहे, वेल्डर गावातलाच चालेल.

आपला,
एक निवृत्त मिलर, निफाड (जि. नाशिक)