वनहक्क दिले, आता वनांचे व्यवस्थापनही ग्रामसभांकडे द्या

महोदय,

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे साऱ्या गावाने मिळून जंगल वापरण्याचा व सांभाळण्याचा कायदेशीर हक्क, मिळाला. तरीही तिथला बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडावा लागला, आणि तोही तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आल्यावर. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज, म्हणजे गावकऱ्यांना गोळा करून विकता येणारे वनोत्पादन, ठरवले होते; पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाकडे बोट दाखवून बांबू हा वृक्षच आहे, असे वन विभाग म्हणत राहिला. प्रत्येक गावासाठी मंत्री येणार नाहीत, म्हणून हा प्रश्न व्यवस्थेच्या पातळीवरच सुटला पाहिजे.

२०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि वाहतूक परवान्यांच्या निर्णयांना मंजुरी देण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. त्याच दुरुस्तीनुसार ग्रामसभेची समिती आपल्या जंगलाचा संवर्धन व व्यवस्थापन आराखडा तयार करते आणि तो वन विभागाच्या कार्य आयोजनेशी (जंगलातील तोड व लागवडीच्या दीर्घकालीन आराखड्याशी) जोडला जाणे अपेक्षित आहे. खरी अडचण इथेच आहे. कार्य आयोजना विभागाच्या कार्यालयात तयार होते, तिचा कालावधी साधारणतः दहा वर्षांचा असतो, आणि कोणत्या कूपात (तोडीसाठी आखलेल्या वनखंडात) कधी तोड करायची हे त्यात आधीच ठरलेले असते. मोह, चार (चारोळीचे झाड), हिरडा, बेहडा यांच्यावर ज्यांची चूल चालते, त्यांचे म्हणणे तिच्यात आले नाही, तर गावाने मेहनतीने केलेला आराखडा कपाटातच राहतो.

राज्याच्या वन विकास महामंडळाकडे असलेल्या क्षेत्रात तर गावाची गरज आणि सरकारी आयोजना यांच्यातला हा विसंवाद अधिकच तीव्र होतो. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने पूर्व विदर्भातील मिश्र जंगल तोडून मोठ्या प्रमाणावर सागाची लागवड केली. सागाला बाजारात भाव आहे हे मान्य. परंतु उन्हाळ्यात मोहफुले आणि चारोळी वेचणाऱ्या कुटुंबाला सागवनातून काय मिळते, याचे उत्तर महामंडळाने द्यायला हवे.

वन विभाग नको, असे माझे मुळीच म्हणणे नाही. वणवा विझवणे, रोपवाटिका चालवणे, सर्वेक्षण व सीमांकन करणे, चोरट्या तोडीविरुद्ध गुन्हे नोंदवणे, या कामांत प्रशिक्षित वनरक्षकांची गावांना नितांत गरज आहे. मात्र ही मदत मालकाच्या नात्याने नव्हे, तर सल्लागाराच्या नात्याने मिळावी.

म्हणून शासनाला विनंती आहे की, सामूहिक वनहक्क मान्य झालेल्या क्षेत्रात संबंधित ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय कोणतीही तोड अथवा लागवड करू नये, आणि पुढील प्रत्येक कार्य आयोजनेचा मसुदा मंजुरीपूर्वी मराठीत व शक्य तिथे गोंडीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवणे बंधनकारक करावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, चंद्रपूर