पित्त नव्हतं ते

संपादक महोदय,

मी सोलापुरात २६ वर्षं रिक्षा चालवतो. गेल्या चैत्रात पहाटे छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड, अंगाला दरदरून घाम. पित्त असेल म्हणून सोडा प्यायलो आणि दोन तास तसाच पडून राहिलो. शेवटी पोराने उचलून नेलं.

ईसीजी बघून डॉक्टरांनी विचारलं, वडील कशाने गेले? ५२व्या वर्षी, हार्टनेच. बाप किंवा भावाला पंचावन्नच्या आत हा आजार झाला असेल तर आपल्यालाही धोका जास्त, हे तेव्हा कळलं.

बिडी ओढत नाही याचा मला केवढा तोरा! पण तंबाखू-चुन्याची डबी कायम खिशात. चघळली तरी निकोटिन रक्तात जातंच, नाडी आणि दाब दोन्ही वाढवतं. वर दहा कट चहा, बारा तास बूड सीटवर. कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर निघाला. आपल्याकडच्या पुरुषांना ९०च्या आत सांगतात. रक्तदाब तर कधी मोजलाच नव्हता.

रिक्षाचं पासिंग वेळेवर होतं, चालकाचं कोण करणार? थांब्यावर महिन्यातून एकदा दाब-साखर तपासायला कुणी आलं तर रांग मी लावतो. आम्ही चौदा जण आहोत, नऊ जणांच्या खिशात डबी आहे.

– एक रिक्षाचालक, सोलापूर