लाल रेघ, बाबांचा डोळा आणि मावशीचं पोट

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "डोळ्यात कॅन्सरचं औषध टोचतात, म्हणजे मला नक्की झालंय काय?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि मावशीच्या तोंडाच्या कॅन्सरचं सुरू झालं. मग पावडरीचा डबा, मग तो व्हिडिओ, आणि मागे टीव्हीवर मालिका. माझं एकही उत्तर धड पोचलं नाही. म्हणून हे पत्र मोठ्या टायपात छापून कुरिअरने पाठवतेय. बाबांनी उजव्या डोळ्याने वाचावं, थकले तर आईने मोठ्याने वाचून दाखवावं. आई, तुझ्या विरोधात लिहिलेले परिच्छेद गाळू नकोस.

आधी बाबांचं. तुम्हाला कॅन्सर नाही. बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, एवढंच त्या नावामागचं सत्य. गाठीला वाढायला रक्त लागतं, म्हणून ती एक प्रथिन सोडून नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते. हे औषध त्या प्रथिनाला अडवतं. तुमच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याखाली, अगदी मधोमध, तसल्याच नको त्या वाहिन्या फुटल्यात आणि त्या पाझरतात. प्रथिन तेच, म्हणून औषधही तेच. मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड या डॉक्टरांनी २००५ मध्ये ते डोळ्यात देऊन पाहिलं, आणि २०११ मध्ये अमेरिकन सरकारच्या पैशाने झालेल्या मोठ्या चाचणीत ते खास डोळ्यासाठी बनवलेल्या, कितीतरी महाग इंजेक्शनच्या तोडीचं ठरलं. डोळ्यात जातं सव्वा मिलिग्रॅम. कॅन्सरसाठी तुमच्या वजनाच्या माणसाला एका वेळी तीनशेच्या वर मिलिग्रॅम द्यावं लागलं असतं. तेव्हा केस गळतील का वगैरे काळजी सोडा. तसेही फार उरलेले नाहीत.

फ्रिजवर चिकटवलेला चौकटींचा कागद मात्र रोज बघत जा. एक डोळा झाकून, चष्मा लावून, मग दुसरा. रेघा वाकड्या किंवा मध्येच पुसल्यासारख्या दिसल्या तर त्याच दिवशी सोलापूरला डॉक्टरांकडे फोन. पुढची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही.

आता तो डबा. 'आतडं साफ तर नजर साफ' असं छापून कुणी तीन-तीन हजारांना पावडर विकतंय याचा मला राग येतो, कारण ज्या संशोधनाच्या जिवावर हे चाललंय ते खरं आहे आणि सुंदर आहे. वर्गात शिकवताना मी त्यावर अख्खा तास घालवते.

गोष्ट अशी. सीआरबी१ नावाचं एक जनुक आहे. ते बिघडलं तर काही मुलांची नजर जन्मापासून किंवा तरुणपणी जाते. सगळे धरून चालले होते की हे डोळ्याचं जनुक, म्हणून बिघाड डोळ्यातच. लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, तिथलं मूरफील्ड्स नेत्ररुग्णालय आणि चीनमधलं सन यत-सेन विद्यापीठ यांच्या गटाने २०२४ च्या सुरुवातीला 'सेल' या नियतकालिकात दाखवलं की हे जनुक आतड्याच्या अस्तरातही काम करतं. अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून आतड्यातले जंतू आतच राहतात. जनुक बिघडलेल्या उंदरांत ती पकड सैल झाली, जंतू रक्तात शिरले आणि थेट डोळ्याच्या पडद्यावर जाऊन पोचले. पडदा कुरतडला गेला तो त्यांच्यामुळे. प्रतिजैविकं दिली तेव्हा नुकसान थांबलं. त्याहून मजा म्हणजे, चांगलं जनुक फक्त आतड्यात परत बसवलं तरी डोळा वाचला! डोळ्याला हातही न लावता.

हे वाचलं तेव्हा मीही खुर्चीवरून उठले होते. पण बाबा, हा आनुवंशिक आजार आहे. तुमचा आजार वयाचा. शिवाय हे सगळं उंदरात झालंय. त्याच्या आधी, २०१५ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेतल्या रेचल कास्पी यांच्या गटाने उंदरांतच दाखवलं होतं की आतड्यातल्या जंतूंमुळे चेतलेल्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशी) डोळ्यावर हल्ला करू शकतात, डोळा आतून सुजतो. आपल्याकडे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने असा सूज येणारा आजार असलेल्या रुग्णांची आणि बुबुळाला बुरशी लागलेल्यांची विष्ठा तपासली, तर त्यांच्या आतड्यातले जंतू निरोगी माणसांपेक्षा वेगळे निघाले. वेगळे असतात हे कळलं. ते आजारामुळे वेगळे झाले की त्यांच्यामुळे आजार झाला, हा पुढचा आणि अवघड प्रश्न. पावडरवाल्याने तो प्रश्न सोडवायची वाट पाहिलेली नाही.

डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो आईने पाठवला, त्यात मला दुसरीच गोष्ट दिसली: बीटा-कॅरोटीन. बाबा, हे तुम्ही अजिबात घ्यायचं नाही. तुमच्या आजारावर जीवनसत्त्वांची जी मोठी अमेरिकन चाचणी २०१३ मध्ये संपली, तिच्यात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर जास्त दिसला, आणि ज्यांना तो झाला ते बहुतेक जण पूर्वी सिगारेट ओढून सोडलेले होते. तुम्ही सोडलीत त्याचं कौतुक आहेच, पण तुम्ही त्याच गटात बसता. म्हणून त्यानंतर त्या सूत्रात बीटा-कॅरोटीनच्या जागी ल्युटीन आणि झिअ‍ॅक्झँथिन आलं. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यासाठी लिहून दिलेल्या गोळ्यांत तेच आहे, मी पट्टी वाचून खात्री केलीय. त्या गोळ्या चालू ठेवा. त्या नजर परत आणत नाहीत, आजार पुढे सरकण्याचा वेग कमी करतात. डबा परत घेत नसतील तर फेकून द्या. आई म्हणेल, पैसे गेले. गेले तर गेले.

आई, आता तुझ्याशी भांडण. उंदरांना प्रतिजैविक देऊन डोळा वाचला हे व्हिडिओत ऐकून तू बाबांना 'एक कोर्स करून टाकू' म्हणालीस. आणि मावशीला खोकला झाला तेव्हा तू तिला कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिनचं पाकीट आणून दिलंस, चिठ्ठीशिवाय. त्या पाकिटाच्या मागे उभी लाल रेघ असते, ती शोभेची नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही, असा तिचा अर्थ. मेडिकलवाला देतो म्हणून ते बरोबर होत नाही.

मावशीच्या बाबतीत हे किती महत्त्वाचं आहे ते नीट ऐक. परळला तिला जे सलाईन लावतात त्यात निव्होलुमॅब असतं. ते गाठीला स्वतः मारत नाही. आपल्या टी-पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो, गाठ तो दाबून धरते आणि हे औषध तो सोडवतं. हा ब्रेक शोधणारे जपानचे तासुकू होंजो आणि तसाच दुसरा ब्रेक सोडवता येतो हे दाखवणारे अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. औषधाची किंमत अशी की आपल्यासारख्यांनी नावही काढू नये. पण टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, नेहमीच्या डोसचा दहावा हिस्साही नाही. सोबत स्वस्त गोळ्या. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६ टक्के होतं, ते ४३ वर गेलं. ही मुंबईत निघालेली वाट आहे आणि आज मावशी तिच्यावरूनच चाललीय.

आता यात पोट कुठे आलं? शिकागोच्या थॉमस गाजेवस्की यांच्या प्रयोगशाळेत एकाच जातीचे उंदीर दोन वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आले होते. दोघांनाही त्वचेच्या कॅन्सरच्या सारख्याच पेशी टोचल्या, तरी एका घरच्या उंदरांत गाठ भराभर वाढली आणि दुसऱ्यांत सावकाश. जात एक, पेशी त्याच, मग फरक कशाचा? दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं आणि फरक नाहीसा झाला. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. (आई, नाक मुरडून झालं की पुढे वाच.) म्हणजे चांगले जंतू लेंडीतून दुसऱ्याच्या पोटात गेले आणि त्याची प्रतिकारशक्ती गाठीशी झुंजू लागली. हे २०१५ चं. २०१८ च्या जानेवारीत पॅरिस, ह्यूस्टन आणि शिकागो इथल्या तीन गटांनी माणसांत तसंच दाखवलं: मावशीच्या औषधासारख्या औषधाला ज्यांचं शरीर प्रतिसाद देतं त्यांच्या आतड्यातले जंतू, आणि ज्यांचं देत नाही त्यांचे, वेगवेगळे. पॅरिसच्या गटाला आणखी एक दिसलं. उपचार सुरू होण्याच्या सुमारास ज्यांनी प्रतिजैविकं घेतली होती, त्यांना औषधाचा फायदा कमी झाला.

२०१९ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाने १९६ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. उपचाराच्या आधीच्या महिनाभरात ज्यांनी प्रतिजैविक घेतलं होतं आणि ज्यांनी नव्हतं, त्यांच्या आयुष्यातला फरक महिन्यांत नाही, वर्षांत मोजावा लागला. आकडे मी मुद्दाम लिहीत नाही, हे पत्र मावशीच्या हातात पडेल. प्रतिजैविक लागणारे रुग्ण आधीच जास्त खंगलेले असू शकतात, हेही धरायला हवं. आणि उपचार चालू असताना घेतलेल्या प्रतिजैविकाने त्या अभ्यासात असा फरक दिसला नाही. म्हणून तिला ताप आला आणि परळच्या डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं, तर ते मुकाट्याने आणि पूर्ण घ्यायचं. जंतूसंसर्गाने माणूस जातो, तिथे हट्ट नको. फक्त आपल्या मनाने, मेडिकलमधून, खोकल्यासाठी? कधीच नाही.

म्हणजे बघ, तेच औषध उंदराच्या डोळ्याला तारक आणि इथे मावशीच्या उपचाराला बाधक. अशा गोष्टीचा निर्णय आपण ओट्यापाशी उभं राहून घ्यायचा नसतो.

'चांगल्या जंतूंच्या' कॅप्सूलही तिला पाठवू नकोस. ह्यूस्टनच्याच गटाने २०२१ मध्ये त्वचेच्या कॅन्सरचे १२८ रुग्ण पाहिले. दिवसाला २० ग्रॅम किंवा जास्त चोथा पोटात जाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, आणि चोथा खाऊन दुकानातल्या कॅप्सूल न घेणाऱ्यांचं सगळ्यात बरं चाललं. उंदरांत तर कॅप्सूलमधल्या जंतूंनी औषधाचा परिणाम उलट कमी केला. त्याच वर्षी पिट्सबर्ग आणि इस्रायलच्या डॉक्टरांनी, औषध ज्यांना लागू पडलं होतं अशा रुग्णांची विष्ठा ज्यांना पडलं नव्हतं त्यांच्या आतड्यात सोडून पाहिली. पंधरापैकी सहा आणि दहापैकी तीन जणांना फायदा झाला. रुग्ण थोडे आहेत, पण आधी त्यांच्यावर औषध चालत नव्हतं हे लक्षात घे. हे हॉस्पिटलात, तपासून, चाचणीतच करायचं काम आहे. कुणी गावात करून देतो म्हणालं तर पळा.

चोथ्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा असतो. शेकाने (रेडिएशनने) जळालेल्या तोंडाने मावशीला भाकरी चावणार नाही, म्हणून भाकरी दुधात कुस्करून किंवा ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, मटकी-मुगाचं दाट कढण, शिजवून घोटलेला भोपळा, पिकलेली पपई. मिरची नाही, मीठ बेताचं. ताक-आंबील चालेल का ते तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंना विचारून घ्यायचं, आपण ठरवायचं नाही. आणि हे ती खातेय म्हणून गोळ्या चुकवायच्या असं होऊ देऊ नकोस. तू तसं म्हणशील असं नाही, पण शेजारपाजारचे म्हणतील.

एक गोष्ट फ्रिजवर लिहून लाव. या औषधाने चेतलेली प्रतिकारशक्ती कधीकधी आपल्याच शरीरावर उलटते, आणि उलटायच्या तिच्या जागांत आतडं आणि डोळाही येतात. मावशीला जुलाब लागले, पोटात कळ आली, शौचात रक्त दिसलं, डोळा लाल झाला किंवा धूसर दिसू लागलं, तर घरगुती उपाय नको, जुलाब थांबवायची गोळी नको. तिच्या फाइलवर लिहिलेल्या नंबरवर लगेच फोन. वेळेत सांगितलं तर यावर उपचार आहेत.

आई, मावशीचं मिश्रीमुळे झालं हे तुला माहीत आहे. तुझी डबी अजून खिडकीत असते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीएवढं न उघडणं, न भरणारी जखम, यातलं काही आहे का ते तपासून घे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून आपल्या बार्शीतच चालते आणि कॅन्सरचं हॉस्पिटल रिक्षाने जाण्यासारखं आहे. या आठवड्यात जा. बाबा, तुम्ही सोबत जा आणि मला कळवा. ती कळवणार नाही.

मावशीच्या पुढच्या खेपेला सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट मी काढते, तिच्यासोबत दादा येईल आणि मी पुण्याहून चढेन. तिच्या फाइलमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतल्याची तारीख आणि किती गोळ्या घेतल्या ते एका कागदावर लिहून ठेवा, डॉक्टरांना सांगायचंय. बाबांच्या इंजेक्शनची तारीख त्याच आठवड्यात येत असेल तर आधी सांगा, म्हणजे परतताना मी सोलापूरलाच उतरेन.

तुमची,
वैशू